गोंडांच्या नावाचा खडक

महाराष्ट्र म्हणजे काळा कातळ, ही समजूत रामटेक-मनसर परिसरात मोडते. दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. इथले सौंसर खडक मात्र 100 कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने. मुळात ते समुद्रतळी साचलेली वाळू, चुना आणि मँगनीजयुक्त गाळ. उत्तरेचा बुंदेलखंड व दक्षिणेचा बस्तर हे प्राचीन भूखंड एकमेकांवर आदळले, थर खोल गाडले गेले, दुमडले, तापले. वाळूचा क्वार्टझाइट झाला, चुन्याचा संगमरवर. ही टक्कर नेमकी केव्हाची, यावर भूशास्त्रज्ञांत वाद आहेच. मँगनीजच्या गाळापासून बनलेल्या गार्नेटयुक्त खडकाला एल. एल. फर्मोर यांनी 1909 साली ‘गोंडाइट’ म्हटले, ते इथल्या गोंडांवरून. नाव गोंडांचे, खाणींतले बहुतांश मँगनीज मात्र त्या काळी परदेशी पोलाद कारखान्यांकडे रवाना होत होते.