घुमट आरती : चवथीचा हौशी वाद्यवृंद

पेडणे, डिचोलीकडे चवथीत घरोघरी फिरणारे आरतीमंडळ म्हणजे गावाचा हौशी वाद्यवृंदच. दिवसा नोकरी-बागायत, रात्री आरती. मानधन म्हणजे करंज्या, उसळ आणि चहा. आता घुमट आरतीच्या स्पर्धांमुळे ही मंडळे रंगमंचावरही दिसतात.

घुमट हे दोन तोंडांचे मातीचे वाद्य. रुंद तोंडावर कातडे ताणलेले असते. उजव्या हाताने त्यावर थाप मारायची आणि डाव्या तळव्याने मागचे अरुंद तोंड झाकत-उघडत नाद घुमवायचा. जोडीला काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि ठेका धरणारे कासाळे.

पूर्वी कातडे घोरपडीचे असे. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे (१९७२) आता बकऱ्याचे वापरतात. जुन्या वादकांना तो नाद आठवतो, हे खरे. पण त्यासाठी घोरपडीचा जीव घेणे योग्य नाही. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, म्हणून वाजवण्यापूर्वी ते शेकून घ्यावे.

२०१९ मध्ये घुमट गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झाले. परंतु वाद्य टिकते ते वाजवल्याने. यंदा घरातल्या मुलांच्या हाती आधी कासाळे द्या, मग घुमट. ठेका चुकला तर मोठी माणसे हसतील. गणपती रागावणार नाही.