सार्वजनिक उद्यानांतील विषारी वनस्पती : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमरावती-नागपूर महामार्गावरील तिवसा हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरी येथे स्थापन केलेला गुरुकुंज आश्रम यांमुळे हा तालुका महाराष्ट्राला परिचित आहे. येथील ग्रामपंचायतीचे रूपांतर अलीकडच्या काळात नगरपंचायतीत झाले. अशा नव्याने नागरी झालेल्या गावांच्या कारभारात उद्यान, दुभाजक, सुशोभीकरण, हरितपट्टा हे शब्द आता रूढ झाले आहेत. या सुशोभीकरणासाठी विदर्भात सर्वत्र लावल्या जाणाऱ्या झाडाझुडपांत तांबडी व पांढरी कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी आणि घाणेरीच्या शोभिवंत जाती ठळकपणे आढळतात. कुंपणाला चंद्रज्योत असते, तर मोकळ्या कोपऱ्यात धोत्रा, रुई आणि गाजर गवत आपोआप उगवते. यांपैकी प्रत्येक वनस्पती माणसाला किंवा जनावराला कमी-अधिक प्रमाणात अपायकारक आहे.

लहान मुलांसाठी राखलेल्या जागी विषारी वनस्पती आल्या कशा, हा प्रश्न वरवर वनस्पतिशास्त्राचा वाटतो. अज्ञानामुळे, असे त्याचे उत्तर सामान्यतः दिले जाते. परंतु इतिहासाच्या साधनांकडे पाहिले असता हे उत्तर अपुरे ठरते. या वनस्पती केवळ चुकून आलेल्या नाहीत. त्यांपैकी अनेक त्यांच्या विषारीपणामुळेच सार्वजनिक जागी टिकल्या आणि म्हणूनच निवडल्या गेल्या. ही निवड कशी घडत गेली आणि तिच्याबरोबर आवश्यक असलेले लोकज्ञान मागे का पडले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परंपरेतील विषज्ञान

भारतीय परंपरेला विषारी वनस्पतींची ओळख प्राचीन काळापासून होती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात स्थावर विषाची मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक, कंद आदी दहा अधिष्ठाने सांगितली आहेत. मूळ विषारी असलेल्या आठ वनस्पतींमध्ये अश्वमार आणि गुंजा यांची गणना आहे. अश्वमार म्हणजे कण्हेर. ज्या झाडाने घोडा मरतो ते झाड, असा इशारा या नावातच सामावलेला आहे.

ग्रामजीवनातही हे ज्ञान वेगळ्या रूपात नांदत होते. कण्हेरीचे आणि धोत्र्याचे फूल महादेवाला वाहायचे, रुईच्या पानांची माळ मारुतीला घालायची. पण यांतील काहीही तोंडात घालायचे नाही, हा संस्कार घरातील वडीलधाऱ्यांकडून मुलांपर्यंत पोहोचत असे. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा मासे म्हणजे एक तोळा, या हिशेबाने सोनाराच्या तराजूत गुंज रोज हाताळली जात होती. शेताच्या धुऱ्यावर एरंड होता, परसात कण्हेर होती. विषारी वनस्पती माणसाच्या अगदी निकट होत्या, पण त्यांच्यासोबत त्यांचे नाव, उपयोग आणि निषेध ही तिन्ही अंगे जिवंत होती. रुईच्या चिकापासून डोळे जपावेत, हे गुराख्याच्या पोराला कोणत्याही फलकावरून वाचावे लागत नव्हते.

या परंपरेचा गौरव करताना तिच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. हे ज्ञान प्रदेश, जात आणि व्यवसाय यांच्या चौकटीत विभागलेले होते आणि बहुतांशी मौखिक होते. त्यामुळे गाव सुटले, व्यवसाय बदलला की ते सहज लोप पावू शकत होते.

वसाहतकालीन बाग आणि शोभेची वनस्पती

एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतात बागेची एक नवी संकल्पना रुजली. पुण्याजवळील दापोडी येथे १८२८ मध्ये शासकीय वनस्पती उद्यान सुरू झाले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली तेथे देशी-परदेशी वनस्पतींची लागवड झाली. १८३० मध्ये अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था स्थापन झाली. जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली.

या बागांनी वनस्पतीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. झाड हे औषध, नैवेद्य किंवा कुंपण न राहता पाहण्याची वस्तू झाले. याच शतकात अमेरिका खंडातील अनेक वनस्पती भारतात स्थिरावल्या. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि पुढे देशभर पसरली. बिट्टी आणि चंद्रज्योत यांचे मूळही अमेरिकेतीलच. या पाहुण्या वनस्पतींना येथील ग्रंथांत स्थान नव्हते. लोकांनी मात्र त्यांना आपल्या परीने नावे दिली. बिट्टीला ‘पिवळी कण्हेर’ म्हटले गेले, तेव्हा जुन्या कण्हेरीविषयीची सावधगिरी नव्या झाडाला आपोआप लागू झाली. चंद्रज्योतीला ‘मोगली एरंड’ हे नाव मिळाले. त्यात तिचे परकेपणही आहे आणि एरंडाशी असलेले साम्यही. ‘चंद्रज्योत’ या मोहक नावात मात्र असा कोणताही इशारा उरलेला नाही.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि कापसाच्या व्यापाराने अमरावती, अकोला ही शहरे वाढली. अमरावतीचा कॅम्प, अकोल्याची सिव्हिल लाइन्स अशा वस्त्यांतून बंगला, आवार आणि छाटलेली झुडपे ही नवी नागरी रचना दिसू लागली. काळ्या जमिनीच्या, मोठ्या गोधनाच्या आणि कडक उन्हाळ्याच्या या प्रदेशात शोभेच्या बागेचा मुख्य शत्रू होता मोकाट जनावर.

या शत्रूचा बंदोबस्त दोन मार्गांनी होत असे. पहिला मार्ग कायद्याचा. १८७१ च्या गुरेअतिचार अधिनियमाने कोंडवाड्यांची व्यवस्था सर्वत्र दृढ केली. वऱ्हाडातील जुन्या माणसांना ‘कोंडवाडा’ हा शब्द आजही परका नाही. दुसरा मार्ग वनस्पतींच्या निवडीचा होता. जे झुडूप गुरे तोंडी लावत नाहीत, तेच कुंपणाला योग्य. कण्हेर कडू आणि विषारी, चंद्रज्योतीला गुरे शिवत नाहीत, घाणेरीला उग्र वास. वनस्पतीचे विष हे अशा रीतीने बागेचे बिनपगारी राखणदार झाले. सार्वजनिक हिरवाईच्या इतिहासातील हा निर्णायक टप्पा मानावा लागेल.

कायद्याच्या नजरेतील विष

याच काळात राज्यकर्ते विषाविषयी उदासीन होते, असे नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत विष देऊन इजा करणे आणि विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणा करणे, या दोहोंसाठी शिक्षेची तरतूद होती. मुंबई इलाख्यात १८६६ मध्ये विषविक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. पुढे १९०४ आणि १९१९ मध्ये संपूर्ण ब्रिटिश भारतासाठी विष अधिनियम करण्यात आले. तत्कालीन न्यायवैद्यकावरील ग्रंथांत धोत्रा घालून प्रवाशांना लुटण्याच्या प्रकारांची चर्चा वारंवार येते. कातड्यासाठी गुरांना विष घातले जाते, या समजातून चर्मव्यवसाय करणाऱ्या समाजांवर सरसकट संशय घेतला गेला, हेही तत्कालीन कागदपत्रांतून दिसते. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टॉक्सिक हिस्टरीज’ या ग्रंथात आधुनिक भारतातील विषाच्या सामाजिक इतिहासाची सविस्तर मांडणी केली आहे.

या सर्व तरतुदींचा रोख एकाच दिशेला होता. कायद्याला विष घालणारा गुन्हेगार दिसत होता, विष विकणारा दुकानदार दिसत होता; परंतु उद्यानाच्या कडेला उभी असलेली फुललेली कण्हेर दिसत नव्हती. विष म्हणजे हेतू आणि व्यवहार, ही व्याख्या स्थिर झाली. परिणामी बागेतील वनस्पती विषाच्या कक्षेबाहेर राहिली आणि सौंदर्याच्या कक्षेत गेली. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २८६ मध्ये विषारी पदार्थाबाबतच्या निष्काळजीपणाची जुनी तरतूद कायम आहे. पण सार्वजनिक लागवडीच्या संदर्भात तिचा विचार क्वचितच होतो.

स्वातंत्र्योत्तर काळातील लागवड

स्वातंत्र्यानंतर वृक्षलागवड हा लोककल्याणाचा कार्यक्रम झाला. महाराष्ट्राने १९७५ मध्ये नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा अधिनियम केला. वृक्षतोडीवर नियंत्रण, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आणि नवी लागवड यांवर या अधिनियमाचा भर आहे. झाडे किती, हा प्रश्न त्यामुळे प्रशासनाला सतत विचारला जातो. कोणती झाडे कोणत्या जागी, हा प्रश्न मागे राहतो. पाणी कमी, माळी अपुरे आणि गुरे मोकाट, अशा स्थितीत उन्हाळ्यातील ४५ अंशांच्या आसपासचे तापमान सोसून जी झाडे जगतील, तीच अहवालात ‘जगलेली’ म्हणून नोंदली जातात. महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर लावण्यामागेही हेच कारण आहे. ती कमी पाण्यावर तग धरते, समोरच्या वाहनाच्या दिव्यांचा प्रकाश अडवते आणि जनावरे तिच्याकडे फिरकत नाहीत.

विषारीपणा हीच पात्रता ठरल्याचे आणखी ठळक उदाहरण चंद्रज्योतीचे आहे. नियोजन आयोगाच्या जैवइंधनविषयक समितीने २००३ मध्ये या वनस्पतीच्या लागवडीची शिफारस केली. पडीक जमिनी आणि रेल्वेमार्गाच्या कडा यांसाठी तिचा पुरस्कार झाला, कारण गुरे ती खात नाहीत. मुले मात्र खातात. तिच्या बियांची चव भुईमुगाच्या दाण्यांसारखी लागते. महाराष्ट्रात शाळकरी मुलांना या बियांमुळे उलट्या-जुलाबांचा त्रास होऊन रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना वेळोवेळी घडल्या आहेत. जैवइंधनाचा उत्साह पुढे ओसरला, झुडपे मात्र कुंपणाला राहिली.

न लावता आलेल्या वनस्पतींत गाजर गवताचा क्रमांक पहिला लागतो. पुणे येथे १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली. अमेरिकी गव्हाबरोबर ते आले, असे सर्वत्र सांगितले जाते. पी. एल. ४८० अन्वये भारताशी पहिला करार १९५६ मध्ये झाला, हे लक्षात घेता या प्रचलित समजाची कालक्रमाच्या कसोटीवर तपासणी आवश्यक ठरते. अर्थात १९५१ मध्येही अमेरिकी धान्य भारतात आले होते. या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाची पुण्यातील रुग्णांवर आधारित वैद्यकीय नोंद १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. उद्यानात फिरायला येणाऱ्यापेक्षा ते उपटणाऱ्या मजुराला त्याची झळ अधिक बसते.

लहान गावाचा वेगळा प्रश्न

मोठ्या शहरातील उद्यान आणि तिवशासारख्या गावातील उद्यान यांत एक मूलभूत फरक आहे. लहान गावात उद्यान आणि चराई यांच्यामध्ये केवळ एक कुंपण असते. ताजी कण्हेर जनावर टाळते, कारण ती कडू असते. पण छाटणीनंतर वाळलेली पाने गवतात मिसळली की शेळी किंवा गाय ती ओळखू शकत नाही. आणि वाळल्याने कण्हेरीचे विष नाहीसे होत नाही. हृदयावर परिणाम करणारी तिची द्रव्ये सर्व भागांत असतात. उद्यानाला गुरांपासून वाचवणारे झुडूप अशा प्रकारे छाटणीच्या ढिगातून गुरांपर्यंत पोहोचते. एखाद्या अल्पभूधारकाच्या किंवा मजुराच्या घरी दोन शेळ्या हीच ठेव असते, हे ध्यानात घेतल्यास या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते.

ज्ञान मागे पडल्याचा परिणाम धार्मिक व्यवहारातही जाणवू लागला आहे. केरळमध्ये एका तरुणीच्या मृत्यूचा संबंध कण्हेर चघळण्याशी असल्याचा संशय व्यक्त झाल्यानंतर, मे २०२४ मध्ये त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य व प्रसादात या फुलांचा वापर थांबवला. वाहायचे पण खायचे नाही, ही जुनी सीमारेषा आता आदेशाने आखावी लागली.

मात्र सर्व विषारी झाडे उपटून टाकावीत, असा निष्कर्ष यातून काढणे योग्य होणार नाही. यांतील अनेक वनस्पती औषधी आहेत, काही पूजेच्या आहेत आणि अवर्षणप्रवण भागात त्यांचा उपयोग आहे. इंग्लंडमधील अॅनिक येथे २००५ मध्ये केवळ विषारी वनस्पतींचे उद्यान उभारण्यात आले. तेथे मार्गदर्शकासोबतच प्रवेश मिळतो आणि स्पर्शास मनाई आहे. धोका लपवण्याऐवजी तो शिकवावा, हा त्यामागील विचार आपल्याकडेही अनुकरणीय ठरेल.

निष्कर्ष

१. सार्वजनिक उद्यानांतील विषारी वनस्पतींचे अस्तित्व निव्वळ अज्ञानाचे फलित नाही. गुरे खात नाहीत, या व्यावहारिक कसोटीवर झालेल्या दीर्घकालीन निवडीचे ते फलित आहे.

२. वसाहतकालीन बागेने वनस्पतीला तिच्या नाव-उपयोग-निषेध या संदर्भापासून वेगळे केले आणि कायद्याने विषाला गुन्ह्यापुरते मर्यादित ठेवले. या दोहोंमुळे उद्यानातील विष अदृश्य झाले.

३. वृक्षगणनेत संख्येबरोबर वनस्पतीच्या गुणधर्माचीही नोंद व्हावी. मुलांच्या खेळण्याच्या जागेत व शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत, बिट्टी आणि कण्हेर लावू नये. इतरत्र असलेल्या झाडांवर मराठी व स्थानिक नावांचे फलक असावेत.

४. छाटलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळणार नाहीत किंवा उघड्यावर जाळल्या जाणार नाहीत, याची जबाबदारी स्थानिक संस्थेने निश्चित करावी. तसेच गाजर गवत काढणाऱ्या कामगारांना हातमोजे पुरवावेत.

१९६९ मध्ये अकोला येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या ज्ञानाचा, तसेच तालुक्यातालुक्यांतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांचा उपयोग या कामी सहज होऊ शकतो. गुराख्याच्या पोराला जे ज्ञान फलकाविना मिळत होते, ते आज उद्यानात खेळणाऱ्या मुलाला फलकावरून तरी मिळावे. अश्वमार हे नाव ठेवणाऱ्यांनी झाड आणि इशारा यांची फारकत केली नव्हती. सार्वजनिक उद्यानांत ही फारकत झाली आहे, आणि ती भरून काढणे हे नगरपंचायतीइतकेच शिक्षणसंस्थांचेही कर्तव्य आहे.