जेरुसलेम केवळ दुहीमुळे पडले?

पहिल्या क्रुसेडच्या यशाचे कारण विचारा, ठरलेले उत्तर मिळते : मुसलमान सत्ता आपसांत भांडत होत्या, म्हणून १०९९ मध्ये जेरुसलेम पडले. हे मत पोकळ नाही. १०९२ मध्ये वजीर निजाम-उल-मुल्कचा खून झाला, पाठोपाठ सुलतान मलिकशाह वारला आणि सेल्जुक घराण्यात भाऊबंदकी माजली. अलेप्पोचा रिदवान आणि दमास्कसचा दुकाक हे भाऊ एकमेकांचे वैरी. अँटिऑकला वेढा पडल्यावर दोघेही मदतीला आले, पण वेगवेगळे आले आणि वेगवेगळेच मार खाऊन परतले. इब्न अल-अथीरसारखा थोर इतिहासकारही सुलतानांच्या बेबनावाकडेच बोट दाखवतो.

एवढ्यावर निकाल द्यायचा? दुही काय एकाच पक्षात होती? अँटिऑकच्या मालकीवरून क्रुसेडचे सरदार बोहेमंड आणि रेमंड महिनोन्महिने भांडत राहिले आणि फौज खोळंबली. बाल्डविन मोहीम सोडून एडेसाचा धनी झाला. ब्ल्वाचा स्टीफन तर अँटिऑकहून पळूनच गेला. दुहीनेच पराभव ठरत असेल, तर तो आधी यांचा व्हायला हवा होता.

जेरुसलेमच्या तटाआड तर दुहीचा प्रश्नच नव्हता. शहर इजिप्तच्या फातिमींचे, सुभेदार एक, हुकूम एक. तरी ते पाच-साडेपाच आठवड्यांत पडले. इजिप्तची फौज पोहोचली तेव्हा वेळ टळून गेली होती.

मग तट सर झाला कशाने? १३ जूनचा हल्ला पाहा. आसपासच्या मुलखात लाकूड मिळेना, म्हणून तटाला लागली ती एकच शिडी. सर्वांत आधी वर चढलेल्याने तटावर हात टाकला आणि तो हातच छाटला गेला. हल्ला फसला. त्या दिवशी क्रुसेडरांची श्रद्धा कमी होती काय? शत्रूंमध्ये एकी झाली होती काय? दोन्ही गोष्टी जशा होत्या तशाच होत्या. नव्हते ते लाकूड, दोर आणि सुतार. चार दिवसांनी याफाच्या बंदरात जेनोवाची गलबते लागली. त्यांतून हत्यारे आली, कारागीर आले. जहाजे मोडून त्यांच्या तुळया वेढ्याच्या कामाला लावल्या गेल्या. क्रुसेडर सरदार गॉडफ्रीचा लाकडी मनोरा ९ जुलैच्या रात्री सुटा करून तटाच्या कमकुवत बाजूला नेला आणि पुन्हा उभारला. १५ जुलैला त्याच मनोऱ्यावरून माणसे तटावर उतरली. नंतरची कत्तल हा या फौजेचा न पुसणारा कलंक आहे. पण शहर पडले ते सुतारकामाने आणि समुद्रमार्गाने आलेल्या रसदीने.

यावर कोणी ११०१ चा दाखला देईल : तेव्हा अनातोलियातले तुर्क सत्ताधीश किलिज अर्स्लान आणि दानिशमंद एक झाले आणि नव्या क्रुसेडी फौजा गारद झाल्या. दाखला खरा आहे. पण हेच दोघे १०९७ मध्ये डोरिलियमलाही खांद्याला खांदा लावून लढले होते, आणि हरले होते. ११०१ मध्ये त्यांना रिदवानची कुमक मिळाली हे मान्य. पण मोठा फरक दुसऱ्या बाजूला होता. १०९७ ची फौज बायझंटाईन वाटाड्यासह रुळलेल्या वाटेने चालली. निकियाच्या तलावात तिच्यासाठी सम्राट अलेक्सियसने जमिनीवरून ओढून नौका उतरवल्या, पुढे अँटिऑकपाशी बंदरातून माल आला. ११०१ चे लोंबार्ड मात्र दानिशमंदच्या कैदेतल्या बोहेमंडला सोडवायला, समजावूनही न ऐकता, ईशान्येच्या अनोळखी मुलखात घुसले. अन्न संपले, आणि मर्सिवानजवळ फौजही संपली. दुही हेच एकमेव कारण मानणाऱ्यांनी या दोन मोहिमांतल्या फरकाचा अर्थ कसा लावायचा, ते वाचकांपुढे मांडावे.