नेइच्वेन : आत वळत गेलेल्या एका शब्दाची कुळकथा

गाझियाबाद जिल्ह्यातल्या साहिबाबादमध्ये सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी १९७४ पासून आहे. देशातला पहिला सौर घट तिने १९७७ मध्ये तयार केला आणि पुढच्याच वर्षी पहिले सौर पॅनेल. पण आज सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर जगाच्या उत्पादनातला ८० टक्क्यांहून अधिक वाटा चीनचा आहे. तिथले कारखाने एकमेकांवर कुरघोडी करत तोटा सोसूनही माल विकत राहतात. या दरयुद्धाला चिनी सरकारी कागदपत्रांत जे नाव आहे, ते आधी इंटरनेटवरच्या तरुणांच्या तोंडी होते आणि त्याहीआधी शेतीच्या इतिहासकारांच्या ग्रंथांत : 'नेइच्वेन'. 'नेइ' म्हणजे आत, 'च्वेन' म्हणजे गुंडाळणे. वळकटी बांधावी तसे आतल्या आत वळत जाणे. चीनचा वर्तमानकाळ समजून घ्यायला हा एक शब्द बातम्यांच्या ढिगापेक्षा अधिक उपयोगी आहे, मात्र त्याचे कूळ ठाऊक असेल तरच.

हे कूळ चिनी नाही. मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांनी १९३६ मध्ये माओरी लोकांच्या नक्षीकामाविषयी लिहिताना ही कल्पना मांडली. मोजके आकार, त्यांची गुंतागुंत वाढतच जाते, पण नवा आकार काही जन्माला येत नाही. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये ती जावाच्या भातखाचरांना लावली. तिथे माणसे वाढली, मशागत अधिकाधिक बारकाईची झाली, एकरी पीकही वाढले, पण माणशी हिस्सा जिथल्या तिथे राहिला. फिलिप ह्वांग यांनी १९८५ मध्ये उत्तर चीनच्या शेतकऱ्यांवर आणि पाच वर्षांनी यांगत्सेच्या त्रिभुज प्रदेशावर लिहिले तेव्हा ती चीनच्या मातीत आली. एकूण उत्पादन वाढत होते, पण घरातल्या बायकापोरांसकट साऱ्यांच्या श्रमाचा रोजचा मोबदला घटत होता. या वंशावळीत एक भारतीय शाखाही आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आसामात जन्मलेले, दिल्लीत शिकलेले प्रसेनजित दुआरा यांनी १९८८ च्या ग्रंथात हीच कल्पना राज्यसंस्थेला लावली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर चीनमध्ये सरकारची वसुली वाढली, पण तिच्याबरोबर गावोगावचे दलालही वाढले आणि त्यांना आवरण्याची ताकद सरकारात आली नाही. परक्या अभ्यासकांची ही निरीक्षणे 'नेइच्वेन' या नावाने चिनी भाषेत गेली आणि कित्येक वर्षे विद्यापीठांपुरतीच राहिली.

२०२० मध्ये चिंगह्वा विद्यापीठातला एक विद्यार्थी रात्री सायकल चालवता चालवता लॅपटॉप उघडून बसल्याचे चित्र इंटरनेटवर पसरले आणि शब्द घरोघरी पोचला. यावर हमखास आक्षेप येतो : ही साधी स्पर्धाच ना? आपल्याकडे 'उरस्फोड' हा शब्द आहेच, मग परक्या शब्दाचे एवढे कौतुक कशाला? पण उरस्फोड कष्टांबद्दल बोलते, त्या कष्टांचे पुढे काय होते याबद्दल नाही. जागा ठरलेल्या असतील, तर सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला म्हणून निवडले जाणारे दुप्पट होत नाहीत, पात्रतेची रेषा तेवढी वर सरकते. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या आणि दिल्लीच्या मुखर्जीनगरमधल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका याच हिशेबावर चालतात. चीनच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नोंदणी केली होती. मानववंशशास्त्रज्ञ श्यांग प्याओ यांनी यातला कळीचा मुद्दा नेमका हेरला : या शर्यतीतून बाहेर पडायला सन्मानाची वाटच नाही. २०२१ मध्ये 'थांग फिंग', म्हणजे सरळ आडवे पडून राहणे, हा शब्द आला तो त्या वाटेच्या शोधातच.

त्या शब्दाभोवती जमलेले गट इंटरनेटवरून हटवले गेले, नेइच्वेन मात्र टिकला. माझ्या मते याचे कारण त्याच्या कुळातच आहे. तो शास्त्राच्या भाषेतून आलेला, परिस्थितीचे वर्णन करणारा, कोणाकडेही बोट न दाखवणारा शब्द आहे; आडवे पडणे हा मात्र नकार आहे. शी चिनफिंग यांनी २०२१ मध्ये दोन्ही शब्द टाळण्याच्या गोष्टी म्हणून एकत्र उच्चारले. जुलै २०२४ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्यूरोने 'नेइच्वेन पद्धतीच्या' स्पर्धेला आळा घालायला सांगितले, तेव्हा रोख कंपन्यांच्या जीवघेण्या चढाओढीवर होता. तरुणांनी स्वतःच्या थकव्याला दिलेले नाव असे बाजारभावाच्या बंदोबस्तासाठी वापरले गेले. यात शब्द पातळ झाला, ही तक्रार खरी आहे. तरी मूळ अर्थ इथेही लागू पडतो. उत्पादन वाढते आहे आणि प्रत्येक पॅनेलमागचा मोबदला घटतो आहे, हे ह्वांग यांच्या शेतकरी कुटुंबांचेच गणित आहे.

घराच्या छतावर स्वस्त पॅनेल बसवणाऱ्याचा यात फायदाच होतो, असे कोणी म्हणेल, आणि ग्राहकापुरते ते बरोबरच आहे. पण त्याच स्वस्ताईपुढे भारताला एप्रिल २०२२ मध्ये आयात पॅनेलवर ४० आणि घटांवर २५ टक्के सीमाशुल्क लावावे लागले. पहिला भारतीय सौर घट जिथे तयार झाला, त्या साहिबाबादेत हा शब्द क्वचितच कोणी ऐकला असेल. तिथे तो पोचतो तो पॅनेलच्या किमतीतून.