कथेचा पत्ता

मेढ्याला वेण्णेकाठी भात पिकतो, माडगूळला माणगंगेकाठी बाजरी पावसाची वाट पाहते. आज या दोन गावांचे जिल्हे वेगळे आहेत. १९४८ पूर्वी राज्येही वेगळी होती: मेढा ब्रिटिश साताऱ्यात, माडगूळ औंध संस्थानात. व्यंकटेश माडगूळकरांच्या कथांचा काळ ठरवायचा तर ही सरहद्द हाताशी ठेवावी लागते.

आधी तारखा पाहू. १९४६ साली बडोद्याच्या ‘अभिरुची’त ‘काळ्या तोंडाची’ आली, तेव्हा लेखकाचे गाव संस्थानी होते. ८ मार्च १९४८ रोजी औंध विलीन झाले. १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ निघाले आणि त्याच साली दक्षिण सातारा जिल्हा झाला. त्यालाच १९६० पासून आपण सांगली म्हणतो. म्हणजे ‘माणदेशी माणसं’ पुस्तकरूपाने आले तेव्हा संस्थान उरले नव्हते, एवढे निश्चित. त्यातली माणसे मात्र संस्थानी काळातली असावीत, हा माझा तर्क.

या तर्काला आधार पुढच्या पुस्तकात सापडतो. ‘माणदेशी माणसं’मधली ‘झेल्या’ ही कथा एक शाळामास्तर सांगतो. ‘बनगरवाडी’ ही १९५५ची कादंबरीही मास्तरच सांगतो. धनगरांच्या त्या वाडीत तालीम उभी राहते आणि तिच्या उद्घाटनाला चक्क राजा येतो! विलीनीकरणानंतर असा राजा येणे शक्य नाही. तेव्हा गोष्टीतला काळ छापील सालाच्या निदान सात वर्षे मागचा आहे. हे अनुमान मला भक्कम वाटते.

पण तो राजा कोण? औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ पासून गादीवर होते आणि सूर्यनमस्काराचा त्यांनी आयुष्यभर प्रसार केला. तालमीसाठी आडवाटेची वाडी गाठणारा राजा त्यांच्याशी किती जुळतो! तरीही जुळणे म्हणजे पुरावा नव्हे. कादंबरीकार राजाही घडवू शकतो.

माडगूळकरांचे थोरले बंधू गदिमा यांच्या बाबतीत हा पेच पडत नाही. त्यांनी कथा लिहिलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही खुली वसाहत आहे. औंधनेच ती १९३९ साली कैद्यांसाठी वसवली. ती जागा आजही जाऊन पाहता येते. बनगरवाडीच्या तालमीसाठी मात्र कादंबरीचीच पाने पुन्हा उलटावी लागतात.