कॅमेऱ्याचा दिवा आणि कॅमेऱ्याचा पडदा

#थ्रेड

१/ कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याचे बटण अर्धे दाबले की अंधारात पुढचा लहानसा दिवा उजळतो. छायाचित्र टिपले की ते लगेच मागच्या पडद्यावर उमटते. या दोन सोयींचा उगम मात्र वेगवेगळा आहे.

२/ आधी दिवा. १९७७ चा जपानी ‘कोनिका सी३५ एएफ’ हा मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा ताडून तो अंतर ठरवी. प्रकाश अपुरा पडला की ही तुलनाच डळमळे.

३/ १९७८ मध्ये पोलरॉइडने वटवाघळाची युक्ती योजली. ‘एसएक्स-७० सोनार’ श्राव्यातीत ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजी. अंधाराचा अडसर संपला; पण बंद खिडकीतून बाहेरचे दृश्य टिपू गेल्यास ध्वनी काचेवरूनच परते. १९७९ मध्ये कॅननच्या ‘एएफ३५एम’ने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण वापरले.

४/ डिजिटल कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांनी सामान्यतः वेगळी वाट धरली. अंतर न मोजता भिंग मागेपुढे सरकवायचे आणि संवेदकावरील प्रतिमेत उजेड-छायेचा फरक जिथे सर्वाधिक ठळक, तिथे थांबायचे. अंधारात हा फरकच दिसेना, म्हणून दिवा आला. त्याचा पल्ला जेमतेम काही मीटर. नाट्यगृहात तो इतरांच्या डोळ्यांत खुपतो, म्हणून तो बंद ठेवण्याची सोयही अनेक कॅमेऱ्यांत असते.

५/ आता पडदा. छायाचित्र तत्काळ पाहण्याची ओढ जुनीच. एडविन लँड यांनी १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झटपट छायाचित्रणाचे प्रात्यक्षिक दाखवले. १९७५ मध्ये कोडॅकचे अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा घडवला. एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत आणि ते पाहायला दूरचित्रवाणी संच लागे.

६/ तो संच जणू कॅमेऱ्याच्या पाठीवर आला १९९५ मध्ये. कॅसिओच्या ‘क्यूव्ही-१०’ला १.८ इंची रंगीत पडदा होता. ३२० × २४० बिंदूंची ९६ चित्रे त्यात मावत. नको असलेले चित्र तिथल्या तिथे पुसता येई.

७/ पण छोटा पडदा फसवतो. त्यावर अस्पष्ट चित्रही रेखीव भासते. त्यामुळे चित्र मोठे करून, चेहरा असल्यास डोळ्यांशी नेऊन तपासल्याखेरीज फोकस साधला की नाही हे कळत नाही.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाला खरा प्रश्न पडतो तो पुसण्याच्या बटणाशी. फिल्मच्या पट्टीवर फसलेली चित्रेही निवडलेल्या चित्राशेजारी टिकून राहत. छायाचित्रकाराने काय नाकारले, कोणत्या क्षणी तो चुकला, हे त्यांतून वाचता येई. आता हा निवाडा काही सेकंदांत, तळहाताएवढ्या पडद्याकडे पाहून होतो आणि नाकारलेल्याचा मागमूस उरत नाही.

९/ म्हणून घरच्या समारंभाची किंवा गावच्या जुन्या वाड्याची छायाचित्रे काढाल, तेव्हा पुसण्याची घाई करू नका. आज हललेले वाटणारे चित्र उद्या त्या भिंतीचा एकमेव पुरावा ठरू शकते.

#इतिहास #छायाचित्रण