बिबट्या : गोरेगावचा अपरिचित शेजारी

आरे वसाहत आणि चित्रनगरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्याने गोरेगावकरांना बिबट्या नवा नाही. उद्यान व परिसरात २०१५ च्या गणनेत ३५ बिबटे आढळले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरेत बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुरडीचा बळी गेला. अशा घटनेनंतर बिबट्याला पकडून दूर सोडण्याची मागणी होते; मात्र या प्राण्याचा स्वभाव वेगळेच सांगतो.

* ठिपके : माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी निराळी असते. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांतील या नक्षीवरूनच त्यांची गणना होते.

* डोळे : प्रखर उजेडात मांजरीची बाहुली उभ्या रेघेसारखी होते; बिबट्याची गोलच राहते.

* आहार : चितळापासून उंदरापर्यंत त्याला काहीही चालते. उकिरड्यांवर पोसलेली भटकी कुत्री त्याला वस्तीकडे खेचतात.

* भटकंती : पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये विहिरीतून काढलेला 'आजोबा' हा बिबट्या रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आला. शंभराहून अधिक किलोमीटर चालत तो मुंबईलगतच्या जंगलात पोहोचला.

* स्थलांतर : पकडलेले बिबटे जुन्नर परिसरात सोडल्यानंतर माणसांवरील हल्ले वाढल्याचे अभ्यासात आढळले. रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येतो, तो वेगळाच.

कचरा वेळेवर उचलणे, रस्त्यांवर दिवे असणे आणि अंधार पडल्यावर मुलांना एकटे न सोडणे, हेच पिंजऱ्यापेक्षा खात्रीचे उपाय ठरतात.